उभे राज्य आणि फिरती दौलत

तालुक्याच्या बाजाराला निघालेला शेतकरी एसटीने जातो आणि बाजारात गेल्यावर कधी पैसे भरायला, कधी काढायला स्टेट बँकेत डोकावतो. एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट. पुणे ते अहमदनगर ही तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली. स्टेट बँक १ जुलै १९५५ रोजी स्थापन झाली. दोन्ही नावांत ‘स्टेट’ हाच शब्द आहे. पण एसटीतले स्टेट म्हणजे आपले घटक राज्य, आणि बँकेतले स्टेट म्हणजे सबंध भारत. एकाच दिवसात, एकाच बाजारपेठेत, एकच शब्द दोन अर्थांनी आपल्या तोंडून जातो आणि त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

पाटीवर ‘स्टेट’ हा शब्द लिहून गुरुजींनी मुलांना अर्थ विचारला, तर एक मुलगा म्हणेल ‘राज्य’. त्याचे चुकले नाही. पण विज्ञानाच्या तासाला पाण्याच्या तीन ‘स्टेट’ सांगतात, त्या अवस्था: बर्फ, पाणी, वाफ. एखाद्या मोठ्या पुरुषाची अखेरची यात्रा ‘स्टेट’ इतमामाने निघते, तिथे अर्थ होतो सरकारी मानाचा थाट. कोर्टात साक्षीदाराला ‘स्टेट’ कर म्हणतात, म्हणजे सांग, निवेदन कर. आणि कोल्हापूर, सांगली, औंध या बाजूची जुनी माणसे ‘आमच्या स्टेटात असे होते’ म्हणत, तेव्हा त्यांना संस्थान म्हणायचे असे. ही संस्थाने १९४८-४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाली, पण बोलण्यातले ‘स्टेट’ पुढे कितीतरी वर्षे टिकले.

म्हणजे राज्य, राष्ट्राची सत्ता, संस्थान, अवस्था, थाट आणि निवेदन, एवढी सगळी मंडळी या एका शब्दाच्या छपराखाली नांदतात. ती एकत्र आली कशी? मूळ लॅटिन शब्द ‘स्तातुस’. त्याचा अर्थ उभे राहण्याची रीत, स्थिती. आपल्या संस्कृतातला ‘स्था’ धातू आणि हा लॅटिन धातू एकाच कुळातले. म्हणून आपली ‘स्थिती’, ‘अवस्था’, ‘संस्थान’ आणि इंग्रजांचे ‘स्टेट’ ही दूरची भावंडेच म्हणायची. माणूस कसा उभा आहे ती त्याची स्थिती. समाजात तो कुठे उभा आहे तो त्याचा दर्जा. दर्जा आला की थाट आला. राजाचा दर्जा आणि त्याची सत्ता यांना इटलीत ‘स्तातो’ म्हणू लागले. मॅकियाव्हेलीने १५१३ साली राज्यकारभारावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात हा शब्द जागोजाग आहे. पुढे राजा मागे पडला आणि ‘स्टेट’ म्हणजे राजा जावो वा येवो, जी कायम उभी राहते ती सत्ता, असा अर्थ इंग्रजीत रुजला.

आता हाच शब्द आपण तुर्कस्तानात नेऊन पाहू. तुम्ही म्हणाल, तुर्कस्तानच का? त्याला कारण आहे. अरबी आणि फार्सी शब्दांचा जो प्रवाह सुलतानांच्या दरबारांतून मराठीत आला, तोच प्रवाह दुसऱ्या वाटेने तुर्की भाषेत शिरला. त्यामुळे तुर्की शब्दकोश उघडला, की ओळखीचे चेहरे भेटतात. कपडे मात्र निराळे असतात. आपल्याकडे मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. तुर्कीसाठी तसेच काम जेम्स रेडहाऊस या इंग्रजाने केले. १८११ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणीच इस्तंबूलला गेला, आणि त्याचा मोठा तुर्की-इंग्रजी कोश १८९० साली तिथेच प्रसिद्ध झाला. अशा कोशकारांना पहिल्याच दिवशी कळते, की एका शब्दासमोर एक शब्द लिहून भागत नाही. ‘स्टेट’समोर तुर्कीत निदान पाच-सहा शब्द मांडावे लागतात.

त्यातला पहिला आणि मानाचा शब्द ‘देवलेत’. ऐकताच ओळख पटेल; हीच आपली ‘दौलत’. मूळ अरबी शब्द ‘दौला’. त्याच्या धातूचा अर्थ मात्र उभे राहणे नव्हे, तर फिरणे, आळीपाळीने येणे. रहाटगाडग्याची पोहरी वर येते, भरलेली असते, मग रिती होऊन खाली जाते. तशी नशिबाची पाळी. इसवी सन ७५० मध्ये अब्बासी घराण्याने उमय्यांची सत्ता उलथून टाकली, तेव्हा ‘आता आमची पाळी आली’ या भावनेने त्या सत्तेला ‘दौला’ म्हटले गेले. पाळीचे घराणे झाले, घराण्याचे राज्य झाले. उस्मानी तुर्कांनी आपल्या साम्राज्याला ‘थोर देवलेत’ म्हटले. आणि आज तुर्की प्रजासत्ताकातही राज्यसंस्थेला ‘देवलेत’च म्हणतात. सरकारी दवाखाना हा देवलेतचा दवाखाना, सरकारी रेल्वे हा देवलेतचा लोहमार्ग.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. एकाच वस्तूला दोन लोकांनी नावे दिली. युरोपातल्या माणसाने राज्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, हे ‘उभे’ आहे. अरब माणसाने राज्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, हे ‘फिरते’ आहे. आज याचे, उद्या त्याचे. दोघांचेही खरे आहे. कोशात हे दोन शब्द शेजारी शेजारी बसतात, पण त्यांच्या पोटात दोन निराळे अनुभव आहेत.

नशीब हा जुना अर्थही तुर्कीने पुरता टाकलेला नाही. एखाद्याला अचानक घबाड मिळाले, तर ‘याच्या डोक्यावर देवलेतचा पक्षी बसला’ असे तुर्क म्हणतात. सोळाव्या शतकातला सुलतान सुलेमान कविताही करी. त्याच्या एका गाजलेल्या द्विपदीत हा शब्द दोनदा येतो, एकदा सत्ता या अर्थाने आणि एकदा भाग्य या अर्थाने. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी, पण खरे भाग्य त्याला निरोगी श्वासात दिसले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे या शब्दाचे काय झाले ते पाहा. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला राजधानी नेली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. बंगालचा सिराजउद्दौला, लखनौचा आसफउद्दौला ही नावे इतिहासाच्या पुस्तकात मुले वाचतातच. त्यांतला ‘दौला’ हाच. पेशवाईच्या कागदांत ‘दौलत’ म्हणजे चक्क राज्य; दौलतीचा कारभार म्हणजे राज्यकारभार. १८१८ साली पेशवाई बुडाली. राज्य गेले, आणि शब्दातला राज्याचा अर्थही झिजत गेला. उरला तो पैसाअडका, जमीनजुमला. आज दौलत म्हटले की तिजोरी डोळ्यांपुढे येते, राज्य येत नाही. लोकांच्या हातून काय गेले, ते कधीकधी असे त्यांच्या शब्दांतही दिसते.

दुसरा शब्द ‘एयालेत’. उस्मानी साम्राज्याच्या मोठ्या प्रांताला हे नाव होते. १८६४ साली नवा कायदा झाला आणि एयालेतच्या जागी ‘विलायेत’ ही रचना आली. विलायेत म्हणजे आपली विलायत! तुर्काला ती जिल्ह्यासारखी घरची वस्तू. आपल्याला ती सातासमुद्रापलीकडची इंग्रजांची भूमी. एकाच शब्दाने एकीकडे घर दाखवले, दुसरीकडे परदेश. आज तुर्कस्तानात घटक राज्ये नाहीत, प्रांत आहेत आणि त्यांना ‘इल’ म्हणतात. ‘एयालेत’ हा शब्द तुर्कांनी परदेशांसाठी राखून ठेवला आहे: अमेरिकेतली राज्ये, जर्मनीतली राज्ये, आणि हो, भारतातलीही. इस्तंबूलच्या भूगोलाच्या पुस्तकात आपला महाराष्ट्र हा एक ‘एयालेत’ आहे. गंमत अशी, की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पूर्ण नाव घेताना मात्र तुर्क ‘देवलेत’ म्हणतात, आणि त्यांतल्या एकेका राज्याला ‘एयालेत’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच स्टेट!

तिसरा शब्द ‘हाल’. तुर्कीत हाल म्हणजे नुसती अवस्था. बरी किंवा वाईट. त्यांच्या शाळेत पदार्थाच्या तीन अवस्था म्हणजे पदार्थाचे तीन ‘हाल’. व्याकरणातल्या विभक्तीलाही ते नामाचे ‘हाल’ म्हणतात. आणि दमलेला तुर्क ‘मला हाल नाही’ म्हणतो, म्हणजे अंगात त्राण नाही. आपल्याकडे उलट. त्राण उरले नाही की आपण म्हणतो, ‘फार हाल झाले.’ मराठीत ‘हालहवाल’ या जोडशब्दात जुना सरळ अर्थ राहिला आहे; एरवी हाल म्हणजे दुःखच. दुष्काळ, स्वाऱ्या, सावकारी यांतून गेलेल्या मुलखाने ‘अवस्था’ या शब्दाचा अर्थच ‘वाईट अवस्था’ करून टाकला की काय, असे मनात येते. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. संकटकाळात सरकार विशेष अधिकार हाती घेते, त्यालाही तुर्कीत ‘नेहमीबाहेरचा हाल’ म्हणतात. जुलै २०१६ ते जुलै २०१८ अशी दोन वर्षे तिथे तो लागू होता. आपण १९७५ साली अशाच स्थितीला ‘आणीबाणी’ म्हटले. हा शब्द घराघरांत आधीपासून होता, म्हणून तो चटकन समजला.

चौथा अर्थ, सांगणे. त्याला तुर्कीत ‘बेयान’ म्हणतात, आपले ‘बयान’. पण आपल्या कोर्टकचेरीत त्याहून मजेदार शब्द आहे: ‘कैफियत’. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपले लेखी म्हणणे देतो ती कैफियत. याचे मूळ अरबी ‘कैफ’, म्हणजे ‘कसे?’ कैफियत म्हणजे ‘कसेपणा’, स्थिती. तुर्कीत ‘केयफियेत’ या अर्थाच्या जवळच राहिला. मराठीत मात्र स्थिती सांगणे यालाच कैफियत म्हणू लागले. स्थितीवरून निवेदन, ही उडी इंग्रजी ‘स्टेट’ने मारली आणि मराठी कैफियतीनेही मारली, कोणी कोणाला शिकवायला गेले नव्हते. आणि तोच ‘कैफ’ आपल्याकडे नशा झाला, तुर्कीत ‘केइफ’ म्हणजे मजा, निवांत सुख झाला.

पाचवा अर्थ थाटाचा. तुर्कीत ‘देबदेबे’ म्हणजे डामडौल, वैभवाचा गाजावाजा. तोच आपला ‘दबदबा’. तुर्काने मिरवणूक पाहिली, आपण तिची जरब पाहिली.

इथवर झाली शब्दांची कुळकथा. आता त्या कथेतला कसोटीचा प्रसंग. १९२३ साली तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले. मुस्तफा कमाल यांनी ठरवले की भाषाही नवी करायची. १ नोव्हेंबर १९२८ रोजी कायदा होऊन अरबी लिपी गेली, लॅटिन लिपी आली. १२ जुलै १९३२ रोजी भाषामंडळ स्थापन झाले. अरबी-फार्सी शब्द काढून त्यांच्या जागी तुर्की शब्द आणण्यासाठी प्रांतोप्रांती समित्या नेमल्या. गावोगावी लोकांच्या तोंडचे शब्द टिपून घेतले. या कामी शिक्षकांचा मोठा हात होता, ही गोष्ट आपल्या शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावी. जिथे शब्द सापडला नाही, तिथे नवा घडवला. शाळेचे ‘मेक्तेप’ गेले, ‘वाचणे’ या धातूवरून ‘ओकुल’ आले. आणि ‘हाल’च्या जोडीला ‘दुरुम’ आला. हा ‘दुरुम’ कशापासून? ‘दुरमाक’पासून, म्हणजे थांबणे, उभे राहणे! तुर्की ही लॅटिनच्या किंवा संस्कृतच्या कुळातली भाषा नव्हे, तरी अवस्थेसाठी शब्द घडवताना तिने उभे राहण्याचाच आधार घेतला. तिन्ही भाषा एकाच खांबाशी येऊन टेकल्या.

या चळवळीने सामान्य माणसाचा फायदा झाला, यात शंका नाही. दरबारी भाषा गावकऱ्याला कळत नसे. नवी भाषा त्याच्या जवळ आली, लिपी शिकायला सोपी झाली. पण किंमतही मोजावी लागली. मुस्तफा कमाल यांनी १९२७ च्या ऑक्टोबरात सहा दिवस मिळून छत्तीस तासांचे एक ऐतिहासिक भाषण केले. त्या भाषणाची भाषा पुढच्या पिढीला इतकी अवघड झाली, की १९६३ साली भाषामंडळाला ते नव्या तुर्कीत छापावे लागले. राष्ट्रपित्याचे शब्द नातवांना भाषांतर करून वाचावे लागले!

राज्यघटनेचीही अशीच ओढाताण झाली. १९२४ ची घटना १९४५ साली नव्या तुर्कीत लिहिली गेली. तिचे अरबी नाव जाऊन ‘आनायासा’, म्हणजे मूळ कायदा, असे नाव आले. १९५० साली सत्ताबदल झाला आणि १९५२ साली संसदेने पुन्हा १९२४ ची जुनी भाषा आणली. मग १९६१ च्या नव्या घटनेने पुन्हा ‘आनायासा’. एवढी उलथापालथ झाली, पण एक शब्द जागचा हलला नाही. पहिल्या कलमात तुर्कस्तानचे ‘देवलेत’ हे प्रजासत्ताक आहे असे म्हटले आहे. तो ‘देवलेत’ १९२४ मध्येही होता, १९४५ मध्येही होता आणि आजही आहे. शुद्धीच्या वादळात तो का टिकला? कारण तो फक्त पंडितांचा नव्हता. आपण जसे ‘मायबाप सरकार’ म्हणतो, तसे तिथला गावकरी ‘देवलेत बाबा’ म्हणतो. जो शब्द लोकांच्या जिभेवर घर करून बसला, त्याला हुकुमाने बाहेर काढता येत नाही.

हे आपल्यालाही नवे नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करविला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती झाला. ‘सचिव’, ‘सेनापती’, ‘मंत्री’ हे शब्द आज रोजच्या वापरात आहेत. पण ‘पेशवा’ या शब्दाचा ‘मुख्य प्रधान’ केला, तरी इतिहासाने शतकभर नाव घेतले ते पेशव्यांचेच. काही नवे शब्द रुजतात, काही जुने हटत नाहीत. निवाडा लोक करतात.

आता कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला काढायचा? काम चालले म्हणजे झाले. पण काम नेहमी चालत नाही, म्हणून. आपल्या घटनेच्या इंग्रजी मसुद्यात ‘स्टेट’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. पहिल्या कलमात भारत हा ‘स्टेट्स’चा संघ आहे, तिथे अर्थ घटक राज्ये. बाराव्या कलमात मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘स्टेट’ची व्याख्या दिली आहे, तिच्यात केंद्र सरकार आणि संसद येते, राज्य सरकारे आणि विधिमंडळे येतात, आणि स्थानिक संस्थाही येतात. म्हणजे तुमची ग्रामपंचायतदेखील त्या अर्थाने ‘स्टेट’ आहे! घटनेने नागरिकाला दिलेला समतेचा हक्क जसा दिल्लीवर बंधनकारक, तसाच चावडीशेजारच्या पंचायतीवरही. पाणवठ्यावर कोणाला अडवले, सार्वजनिक विहिरीला भेद केला, तर ‘आम्ही कुठले स्टेट? स्टेट तिकडे मुंबईला’ असे पंचायतीला म्हणता येणार नाही. ज्याने ‘स्टेट म्हणजे राज्य, राज्य म्हणजे मुंबईचे मंत्रालय’ एवढेच पाठ केले, तो आपला हक्क आपल्याच गावात ओळखू शकणार नाही. अर्थ चुकला की हक्क हुकतो.

तसाच दुसरा घोटाळा ‘सरकार’ आणि ‘राज्यसंस्था’ यांचा. तुर्कीत ‘देवलेत’ निराळे आणि ‘हुक्यूमेत’ निराळे. हुक्यूमेत म्हणजे आजचे मंत्रिमंडळ. ते निवडणुकीने येते आणि जाते. देवलेत म्हणजे त्या सगळ्यामागे कायम असलेली संस्था. आपण बोलताना दोघांनाही ‘सरकार’ म्हणतो. म्हणून सरकारवर टीका केली की कोणाला वाटते, हा राज्याचाच वैरी. आणि शाळा, रस्ता, दवाखाना ही मंत्र्याची मेहेरबानी समजून आपण हार घेऊन उभे राहतो. खरे पाहता दवाखाना राज्यसंस्थेचा, म्हणजे तुमचा-आमचा. मंत्री त्याचा काही काळापुरता कारभारी.

म्हणून गुरुजींना विनंती आहे. मुलांना इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहून देऊन थांबू नका. हा शब्द कुठल्या वाक्यात आला, कोण कोणाला म्हणाला, ते विचारायला शिकवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून कैफियत, दौलत, हालहवाल, दबदबा असले शब्द मुलांना वहीत टिपून आणायला सांगा. तुर्की शिक्षकांनी केले ते काम आपल्याकडे एका वर्गातही होण्यासारखे आहे. त्या वहीत गावाचा इतिहास सापडेल.

लॅटिन माणूस म्हणाला राज्य उभे असते, अरब म्हणाला ते फिरते असते. लोकशाहीत दोघांचे म्हणणे एकदमच खरे ठरते. सरकारांची पाळी फिरत राहावी आणि राज्य मात्र उभे राहावे, याचसाठी दर पाच वर्षांनी आपण मतपेटीपाशी जातो. कोणाची पाळी संपली आणि काय उभे राहिले, हे ज्याला नीट सांगता येते, त्याला कोणी शब्दांत गुंडाळू शकत नाही.